डॉ. पॉल म्युलर : शोध आणि बोध

भारत स्वतंत्र झाला त्या वेळी देशाची लोकसंख्या सुमारे तेहतीस कोटी होती. त्यांपैकी साडेसात कोटी लोकांना दरवर्षी हिवताप होत असे आणि सुमारे आठ लाख लोक या रोगाने दगावत असत, असा त्या काळचा अंदाज होता. हिवताप म्हणजेच मलेरिया. पावसाळा सरत आला, शेतातील पिके काढणीला येऊ लागली, की नेमक्या त्याच वेळी हा ताप घरोघर शिरे. घरातील कर्ती माणसे अंथरुणाला खिळत आणि उभे पीक कापायला हात उरत नसत. हिवताप केवळ माणसाचा जीवच घेत नसे. तो घराची भाकरीही हिरावून नेत असे. मात्र पुढील अवघ्या अठरा वर्षांत, १९६५ पर्यंत, देशातील हिवतापाच्या रुग्णांची नोंद सुमारे एक लाखापर्यंत खाली आली. हा बदल घडवण्यात हजारो आरोग्य कर्मचाऱ्यांचे श्रम कामी आले. त्यांच्या हाती जे प्रमुख साधन होते ते म्हणजे डीडीटी नावाची पांढरी भुकटी. या भुकटीचा कीटकनाशक गुण ज्या शास्त्रज्ञाने शोधून काढला, त्याचे नाव डॉ. पॉल हर्मन म्युलर.

पॉल म्युलर यांचा जन्म १२ जानेवारी १८९९ रोजी स्वित्झर्लंडमधील ओल्टेन या गावी झाला. त्यांचे वडील रेल्वेत नोकरीला होते. वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब प्रथम लेन्झबर्ग येथे व नंतर बाझल या शहरात स्थायिक झाले. बाझल हे ऱ्हाईन नदीच्या काठी वसलेले शहर रंगद्रव्ये आणि औषधे तयार करणाऱ्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होते. रसायनशास्त्राची ओढ असणाऱ्या मुलाला यापेक्षा अनुकूल गाव कोणते मिळणार? म्युलर यांनी घरातच एक छोटीशी प्रयोगशाळा थाटली होती. छायाचित्रांच्या काचा धुणे, यंत्रांचे भाग जुळवणे यांत त्यांचा वेळ जाई. शाळेतील गुणपत्रिका मात्र फारशी समाधानकारक नसे. अंगाने किरकोळ आणि वर्णाने फिकट असा हा मुलगा वर्गात चमकला नाही.

१९१६ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, म्युलर यांनी शाळा सोडली. एका रसायनांच्या कारखान्यात ते प्रयोगशाळेतील मदतनीस म्हणून रुजू झाले. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका कंपनीत त्यांनी साहाय्यक रसायनतज्ज्ञाचे काम केले. बाटल्या धुणे, द्रावणे मोजून देणे, वजने घेणे अशा कामांतून त्यांच्या हाताला वळण लागले. पण हाताला आलेले कौशल्य आणि त्यामागचे शास्त्र यांत अंतर आहे, हेही त्यांच्या ध्यानात आले. म्हणून १९१८ मध्ये ते पुन्हा शाळेत दाखल झाले. आपल्यापेक्षा लहान मुलांच्या बरोबरीने बाकावर बसून त्यांनी परीक्षेची तयारी केली, १९१९ मध्ये ती उत्तीर्ण केली आणि त्याच वर्षी बाझल विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे त्यांनी रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेतला आणि त्याच्या जोडीला वनस्पतिशास्त्र व भौतिकशास्त्र यांचा अभ्यास केला. १९२५ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. शाळेतून बाहेर पडलेला मुलगा नऊ वर्षांत विद्यापीठाची सर्वोच्च पदवी घेऊन बाहेर पडला.

त्याच वर्षी म्युलर बाझलमधील गायगी या प्रसिद्ध कंपनीत दाखल झाले. पुढील सर्व नोकरी त्यांनी याच कंपनीत केली. १९२७ मध्ये त्यांचा विवाह झाला. त्यांना दोन मुलगे व एक मुलगी अशी तीन अपत्ये झाली. सुरुवातीची काही वर्षे ते वनस्पतींपासून मिळणारे रंग आणि कातडी कमावण्यासाठी लागणारी द्रव्ये यांवर काम करीत होते. लोकरीच्या कपड्यांना कसर लागू नये म्हणून वापरावयाच्या रसायनांशीही त्यांचा परिचय झाला. नंतर त्यांनी बियाण्यांवरील रोग रोखणारे, पाऱ्याचा अंश नसलेले एक औषध तयार केले. पारा माणसाला विषारी असतो. शत्रूला मारणारे द्रव्य मित्राला मारणारे असू नये, हा विचार त्यांच्या कामात तेव्हापासूनच दिसतो.

१९३५ मध्ये म्युलर कीटकनाशकांच्या संशोधनाकडे वळले. यामागे दोन कारणे होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात स्वित्झर्लंडमध्ये अन्नधान्याची टंचाई निर्माण झाली होती. पिकांवरील किडींचा बंदोबस्त केल्याशिवाय लहान देशाला आपले पोट भरता येणार नाही, हे तेथील लोकांना कळून चुकले होते. दुसरे कारण अधिक भयंकर होते. त्याच महायुद्धाच्या अखेरीस आणि त्यानंतर रशियात टायफस ज्वराची प्रचंड साथ पसरली व लाखो लोक मृत्युमुखी पडले. टायफस हा रोग माणसाच्या अंगावरील कपड्यांत राहणाऱ्या उवांमुळे पसरतो. म्हणजे पिके वाचवणे आणि माणसे वाचवणे या दोन्ही प्रश्नांचे मूळ कीटकांतच होते.

त्या काळी कीटकांविरुद्ध वापरण्याजोगी साधने थोडी होती आणि प्रत्येकात काही ना काही उणीव होती. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे ॲनॉफिलीस जातीच्या डासाच्या शरीरात हिवतापाचे परोपजीवी जंतू शोधून काढले होते. डासांचा नायनाट केल्यास हिवताप आटोक्यात येईल, हे त्यामुळे स्पष्ट झाले होते. पण डासांना मारायचे कसे? साचलेल्या पाण्यावर रॉकेल टाकून अळ्या गुदमरवीत असत. सोमलयुक्त हिरवी भुकटीही पाण्यावर पसरत. मात्र ती विषारी होती. शेवंतीच्या कुळातील एका फुलापासून मिळणारा पायरेथ्रम अर्क घरात फवारला की डास तत्काळ पडत. पण प्रकाशात त्याचा प्रभाव लवकर नाहीसा होई आणि फवारणी पुन्हा पुन्हा करावी लागे. मुंबईत १९११ मध्ये डॉ. चार्ल्स बेंटली यांनी हिवतापाची पाहणी केली, तेव्हा घरोघरच्या विहिरी आणि टाक्या हेच डासांच्या उत्पत्तीचे मोठे ठिकाण असल्याचे आढळले. विहिरी बुजवणे किंवा झाकणे हा खात्रीचा उपाय होता. परंतु अनेकांच्या गरजा व धर्मभावना विहिरींशी जोडलेल्या असल्याने त्याला विरोधही झाला. शहरात असा उपाय निदान करता तरी येत होता. ओढे, नाले आणि भातखाचरे यांनी वेढलेल्या खेड्यांत काय करायचे, याला उत्तर नव्हते.

म्युलर यांनी प्रथम स्वतःला एक प्रश्न विचारला : आदर्श कीटकनाशक कसे असावे? त्यांनी सात कसोट्या ठरवल्या. ते कीटकांना अत्यंत विषारी असावे. त्याचा परिणाम त्वरित व्हावा. माणसे, जनावरे व वनस्पती यांना त्यापासून अपाय होऊ नये, किंवा झाला तर अगदी थोडा व्हावा. त्याला उग्र वास नसावा व त्याने त्वचेचा दाह होऊ नये. ते शक्य तितक्या अधिक प्रकारच्या कीटकांवर चालावे. त्याचा प्रभाव दीर्घकाळ टिकावा. आणि ते स्वस्त असावे, म्हणजे गरिबालाही परवडेल. या सात कसोट्यांतील सहावी कसोटी, म्हणजे दीर्घकाळ टिकण्याची, पुढे फार महत्त्वाची ठरणार होती. म्युलर यांच्या शोधाचे यश तिच्यातच होते आणि त्या शोधाचा दोषही तिच्यातूनच प्रकट होणार होता.

काम अत्यंत चिकाटीचे होते. एक नवे द्रव्य तयार करायचे, काचेच्या पेटीत निळ्या माश्या सोडायच्या, त्यांच्यावर ते द्रव्य फवारायचे आणि घड्याळ समोर ठेवून निरीक्षण करायचे. चार वर्षांत म्युलर यांनी सुमारे साडेतीनशे द्रव्ये तपासली. बहुतेक निरुपयोगी ठरली. दररोजच्या अपयशाची नोंद वहीत करून दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच पेटीपुढे बसणे, ही त्यांची दिनचर्या झाली. अखेर सप्टेंबर १९३९ मध्ये एका द्रव्याने त्यांचे लक्ष वेधून घेतले. त्याचे रासायनिक नाव डायक्लोरो-डायफिनाइल-ट्रायक्लोरोइथेन. या लांबलचक नावाचे संक्षिप्त रूप म्हणजे डीडीटी.

प्रथमदर्शनी या द्रव्याचा परिणाम काही विलक्षण वाटला नाही. माश्या मेल्या, पण लगेच मेल्या नाहीत. आश्चर्याची गोष्ट त्यानंतर घडली. पेटी स्वच्छ पुसून तिच्यात नव्या माश्या सोडल्या, तरी त्या केवळ भिंतींना स्पर्श झाल्यामुळे मरून पडू लागल्या. पेटीचे भाग सुटे करून, ते नीट धुऊन, पुष्कळ दिवस उघड्या हवेत ठेवल्यानंतरच ती पुन्हा प्रयोगास योग्य झाली. डोळ्यांना न दिसणारा त्या द्रव्याचा अंश काचेवर टिकून होता. माशीने ते खाण्याची गरज नव्हती. नुसता पायांचा स्पर्श पुरे होता. डीडीटी कीटकाच्या मज्जातंतूंवर परिणाम करते. मज्जातंतू सतत उत्तेजित होत राहतात, कीटक थरथरू लागतो आणि शेवटी मरतो. सात कसोट्यांपैकी केवळ त्वरित परिणामाच्या कसोटीला हे द्रव्य पुरेसे उतरले नाही. बाकीच्या कसोट्या त्याने पार केल्या, असे त्या वेळी दिसत होते.

हे द्रव्य म्युलर यांनी प्रथम निर्माण केले, असे मात्र नाही. १८७४ मध्ये ओथमार झाइडलर या तरुण रसायनतज्ज्ञाने ते तयार केले होते आणि त्याचे वर्णनही प्रसिद्ध केले होते. परंतु ते कीटकांना मारते, याची त्याला कल्पना नव्हती. पासष्ट वर्षे ते द्रव्य ग्रंथांच्या पानांत पडून राहिले. म्युलर यांचे श्रेय त्याला जन्म देण्यात नाही, तर त्याचा गुण ओळखण्यात आहे.

स्वित्झर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावरील भुंगेऱ्यांवर डीडीटीचे यशस्वी प्रयोग झाले. १९४० मध्ये त्याचे एकस्व घेण्यात आले आणि १९४२ मध्ये ते बाजारात आले. तोपर्यंत दुसरे महायुद्ध पेटले होते. सैन्याच्या छावण्यांत टायफसची भीती होती आणि उष्ण प्रदेशातील रणभूमीवर हिवतापाची. १९४३ च्या अखेरीस इटलीतील नेपल्स शहरात टायफसची साथ सुरू झाली. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या त्या शहरात लोक तळघरांत दाटीवाटीने राहत होते. दोस्त राष्ट्रांच्या आरोग्य पथकांनी चौकाचौकांत केंद्रे उघडली आणि दहा लाखांहून अधिक लोकांच्या कपड्यांत डीडीटीची भुकटी फुंकली. काही आठवड्यांतच साथ ओसरली. ऐन हिवाळ्यात टायफसची साथ रोखली गेल्याचे जगाने प्रथमच पाहिले.

युद्ध संपल्यावर हे साधन नागरिकांच्या उपयोगासाठी मिळू लागले. भारतात त्याचा पद्धतशीर वापर करण्यात तत्कालीन मुंबई प्रांत आघाडीवर होता. प्रांताच्या हिवताप विभागाचे प्रमुख डॉ. डी. के. विश्वनाथन आणि त्यांचे सहकारी डॉ. टी. रामचंद्र राव यांनी १९४६ च्या सुमारास कानडा व धारवाड जिल्ह्यांतील खेड्यांत घरांच्या भिंतींवर डीडीटीची फवारणी सुरू केली. पश्चिम घाटाच्या उतारावरील या भागात झऱ्या-ओढ्यांच्या वाहत्या पाण्यात हिवतापाचे डास वाढत. तेथील प्रत्येक ओढ्यावर पहारा ठेवणे अशक्य होते. पण डासांची एक सवय संशोधकांना ठाऊक होती. माणसाचे रक्त प्यायल्यावर डासाची मादी जड होते आणि जवळच्याच भिंतीवर विसावते. भिंतीवर डीडीटी असेल, तर ती विसाव्याची जागाच तिचे मरणस्थान ठरते.

यात आणखी एक मर्म आहे. हिवतापाच्या रुग्णाला चावलेला डास लगेच दुसऱ्याला रोग देऊ शकत नाही. जंतूंची डासाच्या शरीरात पूर्ण वाढ होण्यास साधारणतः दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढ्या अवधीत ती मादी अनेकदा रक्त पिते आणि अनेकदा भिंतीवर बसते. त्यांपैकी एका वेळी जरी तिचा डीडीटीशी पुरेसा स्पर्श झाला, तरी रोगाची साखळी तुटते. म्हणजे गावातील एकूण एक डास मारण्याची आवश्यकता नाही; डास म्हातारा होऊ दिला नाही, तरी पुरे. एका चौरस मीटर भिंतीवर एक ग्रॅम डीडीटी या प्रमाणात वर्षातून दोनदा फवारणी करावी लागे. प्रभाव अडीच-तीन महिने टिके. म्युलर यांच्या काचेच्या पेटीत जे घडले होते, तेच आता खेड्यांतील मातीच्या घरांत घडत होते.

मुंबई प्रांतातील या यशाने देशाला वाट दाखवली. १९५३ मध्ये भारत सरकारने राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. १९५४ मध्ये हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि दिल्लीत डीडीटीचे उत्पादन होऊ लागले; पुढे रायगड जिल्ह्यातील रसायनी येथेही कारखाना उभा राहिला. १९५५ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने जगभरातून हिवतापाचे निर्मूलन करण्याचा संकल्प केला. १९५८ मध्ये भारताच्या कार्यक्रमाच्या नावातील नियंत्रण हा शब्द जाऊन त्या जागी निर्मूलन हा शब्द आला. खांद्यावर पंप घेतलेले फवारणी कर्मचारी डोंगर-दऱ्या ओलांडून वाड्या-वस्त्यांवर पोहोचू लागले. घरातील धान्य व भांडी बाहेर काढावी लागत, भिंतींवर पांढरे डाग पडत, म्हणून लोक कुरकुरत. काही जण सण आला की भिंती शेणामातीने सारवून टाकत आणि मग औषध लेपाखाली झाकले जाई. कर्मचाऱ्यांना फवारणीइतकाच वेळ समजूत घालण्यातही द्यावा लागे.

याच वर्षांत देशात मोठे कारखाने आणि धरणे उभी राहत होती. नागपूर–हावडा लोहमार्गावरील भिलाई हे त्याचे ठळक उदाहरण होय. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने तेथे पोलाद कारखाना उभारण्याचा करार १९५५ मध्ये झाला. त्या वेळी भिलाई ज्या मध्य प्रदेश राज्यात होते, त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कामाच्या शोधात देशाच्या अनेक भागांतून माणसे तेथे आली; त्यांत मराठी कुटुंबेही होती. जेथे हजारो माणसे नव्याने एकत्र येतात, जमीन खणली जाते आणि खड्ड्यांत पाणी साचते, तेथे हिवतापाला आयते निमंत्रण मिळते. एके काळी अशा कामांवर मजूर तापाने पटापट मरत. भिलाईसारखी नगरे ज्या काळात वसली, तो काळ हिवताप देशभर माघार घेत असल्याचा होता, ही या नगरांच्या भाग्याची गोष्ट म्हटली पाहिजे.

म्युलर यांना १९४८ मध्ये शरीरक्रियाविज्ञान किंवा वैद्यक या विषयाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. ते वैद्य नव्हते. त्यांनी एकाही रोग्याची नाडी पाहिली नव्हती. तरीही त्यांच्या शोधामुळे असंख्य माणसे रोगी होण्यापासूनच वाचली होती. प्रसिद्धी लाभली तरी त्यांचे जीवन साधे राहिले. डोंगरांत भटकणे, रानफुले पाहणे आणि बागकाम करणे यांत त्यांना आनंद वाटे. १९६१ मध्ये सेवानिवृत्त झाल्यावरही त्यांनी घरच्या प्रयोगशाळेत काम सुरू ठेवले. ऑक्टोबर १९६५ मध्ये बाझल येथे त्यांचे निधन झाले. भारतातील हिवताप अगदी खालच्या पातळीवर आला होता, ते हेच वर्ष होते.

परंतु म्युलर यांच्या हयातीतच त्यांच्या शोधाची दुसरी बाजू दिसू लागली होती. १९४०च्या दशकातच युरोपात डीडीटीला न जुमानणाऱ्या घरमाश्या आढळल्या. त्यामागील कारण असे की, लाखो कीटकांत थोडे असे असतात ज्यांच्यावर विषाचा परिणाम होत नाही. इतर मरतात, हे उरतात आणि त्यांचीच संतती वाढत जाते. १९५०च्या दशकाच्या अखेरीस पश्चिम भारतात हिवतापाच्या डासांतही हीच प्रतिकारशक्ती दिसून आली. शेतात डीडीटीचा बेसुमार वापर होत होता, त्यामुळे डासांची प्रतिकारशक्ती वाढण्यास आणखी मदत झाली.

दुसरा दोष अधिक गंभीर होता. डीडीटी लवकर विघटित होत नाही आणि ते पाण्यात नव्हे, तर चरबीत विरघळते. शेतातून ते ओढ्यात जाते, तेथून शेवाळात, शेवाळातून माशांत आणि माशांतून पक्ष्यांत. प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढत जाते. गरुड व ससाणा यांसारख्या पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ होऊन ती फुटू लागली. माणसाच्या शरीरातील चरबीत आणि आईच्या दुधातही डीडीटीचे अंश सापडले. १९६२ मध्ये अमेरिकेतील लेखिका रेचेल कार्सन यांनी आपल्या ग्रंथातून या धोक्याकडे जगाचे लक्ष वेधले. अमेरिकेने १९७२ मध्ये डीडीटीच्या वापरावर बंदी घातली. भारताने १९८९ मध्ये शेतीतील त्याचा वापर बंद केला. २००१ च्या स्टॉकहोम कराराने जगभर त्याच्यावर निर्बंध आणले. मात्र रोगवाहक कीटकांच्या नियंत्रणासाठी त्याचा मर्यादित वापर करण्याची मुभा ठेवली. जो टिकाऊपणा काचेच्या पेटीत वरदान वाटला होता, तोच नद्यांत आणि शेतांत शाप ठरला. द्रव्य तेच होते. वापराची जागा आणि प्रमाण बदलले होते.

इकडे हिवतापही परतला. यश मिळाल्याच्या समाधानात गावोगावची पाहणी ढिली झाली होती, डीडीटीचा पुरवठा अपुरा पडत होता आणि डासांची प्रतिकारशक्ती वाढत होती. १९७६ मध्ये देशात सुमारे चौसष्ट लाख रुग्णांची नोंद झाली. त्यानंतर धोरण बदलले. केवळ एका रसायनावर विसंबून न राहता लवकर निदान, पूर्ण औषधोपचार, निरनिराळी कीटकनाशके, अळ्या खाणारे गप्पी मासे आणि औषध लावलेल्या मच्छरदाण्या यांची सांगड घालण्यात आली. गडचिरोली आणि बस्तर यांसारख्या जंगलव्याप्त भागांत हा लढा अधिक कठीण असला, तरी याच मार्गाने तो पुढे नेण्यात आला.

रसायनाच्या मर्यादेचा धडा भिलाईलाही मिळाला. २०१८ च्या पावसाळ्यात तेथे डेंग्यूची मोठी साथ आली आणि अनेकांचे प्राण गेले. डेंग्यू पसरवणारा एडिस डास हिवतापाच्या डासापेक्षा वेगळ्या सवयींचा आहे. तो दिवसा चावतो. तो उघड्या भिंतीपेक्षा टांगलेल्या कपड्यांच्या आड, खाटेखाली किंवा अडगळीत बसणे पसंत करतो. त्यामुळे भिंतीवरील फवारणी त्याच्यापुढे फारशी उपयोगी पडत नाही. त्याची अंडी घराच्या आतबाहेरील स्वच्छ पाण्यात असतात : कूलरमध्ये, पिंपात, कुंडीखालच्या ताटलीत, गच्चीवर टाकलेल्या जुन्या टायरमध्ये. मुंबईच्या विहिरींनी शंभर वर्षांपूर्वी जे शिकवले होते, तेच औद्योगिक नगरातील कूलरने पुन्हा शिकवले.

म्युलर यांचे मोठेपण यामुळे कमी होत नाही. अर्धवट सोडलेले शिक्षण त्यांनी पुन्हा हाती घेतले, साडेतीनशे प्रयोगांपर्यंत धीर सोडला नाही आणि ग्रंथात पडून राहिलेल्या एका द्रव्याचा गुण ओळखला. त्यांच्या शोधाने कोट्यवधी घरांतील ताप दूर ठेवला. मात्र कोणतेही औषध हे माणसाच्या जागरूकतेची जागा घेऊ शकत नाही, हेही त्याच शोधाने दाखवून दिले. अंड्यापासून पूर्ण डास होण्यास साधारणतः सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस घरातील सर्व पाणीसाठे रिकामे करून, घासून, कोरडे करून ठेवावेत, असे आरोग्य विभाग सांगतो. या दिवसाला कोरडा दिवस म्हणतात. त्यासाठी कारखाना लागत नाही, पैसा लागत नाही आणि त्याच्याविरुद्ध डासाला प्रतिकारशक्तीही मिळवता येत नाही.